४२९४९६७२९७ : दहा अंकी संख्या हाताने कशी तपासावी

वही, पेन आणि दुकानात असतो तसा बारा अंकी कॅल्क्युलेटर, एवढ्या सामानावर एखाद्या दहा अंकी संख्येची साद्यंत तपासणी करता येते. ती मूळ आहे की संयुक्त, तिचे अवयव कोणते, विभाजक किती, ती दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का, हे सगळे एका संध्याकाळचे काम आहे. उदाहरणाला ४२९४९६७२९७ घेतली आहे. ती मूळ असणार असे फ्रेंच गणिती फर्माला वाटत होते. ती तशी नाही हे स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. अवयव आधीच माहीत असल्यामुळे तुमची वाट चुकली तर लगेच कळेल, म्हणून शिकायला ही संख्या चांगली. लेखात ^ हे चिन्ह घातासाठी वापरले आहे. २^५ म्हणजे ३२.

आधी नीट वाचा

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती ४,२९,४९,६७,२९७ अशी दिसते: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. बोलायला हे सोयीचे, पण पुढे एक कसोटी तीन-तीन अंकांच्या गटांवर चालते. तिथे हेच स्वल्पविराम ठेवून दोन-दोनचे गट घेतले की उत्तर हमखास चुकते. म्हणून वहीत ती दोनदा लिहा, एकदा आपल्या पद्धतीने आणि एकदा ४ | २९४ | ९६७ | २९७ अशी.

ही संख्या आली कुठून

संख्या हातात आल्यावर लगेच भागायला बसू नये. ती कशी तयार झाली हे कळले तर निम्मे काम वाचते, इथे तर नव्वद टक्क्यांहून जास्त वाचते. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, मग २५६, मग ६५५३६, आणि त्याचा वर्ग ४२९४९६७२९६. आपली संख्या याहून एकने मोठी, म्हणजे २^३२ + १.

दर पायरीला १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि आपली संख्या अशी माळ मिळते. या फर्मा संख्या. पहिल्या पाच मूळ आहेत, आणि पुढच्याही सगळ्या मूळ असतील असे फर्माने १६४० च्या सुमारास आपल्या पत्रांत लिहिले होते. मोजणी शून्यापासून करतात, म्हणून माळेत सहावी असूनही आपली संख्या 'पाचवी फर्मा संख्या' म्हणवते. दोन ठिकाणची माहिती जुळत नसेल तर आधी हा एकचा फरक तपासा.

माळेचा एक गुण लगेच उपयोगी पडतो. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार ४२९४९६७२९५ येतो, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोनने कमी. तेव्हा या पाचांपैकी कशानेही आपल्या संख्येला भागले तरी बाकी २ च राहणार. पाच भाजक न भागताच बाद झाले.

शाळेतल्या कसोट्या

शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४+२+९+४+९+६+७+२+९+७ = ५९. ती ३ ने भागली तर बाकी २, ९ ने भागली तर ५.

७, ११ आणि १३ साठी तीन वेगळ्या कसोट्या करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून तीन-तीनचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे केले की एकाच आकड्यात तिघांचे काम होते:

२९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०

३८० ला ७ ने भागले तर बाकी २, ११ ने ६, १३ ने ३. नवशिके इथे उणे चिन्ह विसरतात. नुसता भाग जातो की नाही एवढेच हवे असेल तर बिघडत नाही, पण खरी बाकी हवी असेल तर ती भाजकातून वजा करावी लागते: ७ साठी ५, ११ साठी ५, १३ साठी १०.

आता पडताळा घ्या. २^३ = ८, त्याला ७ ने भागले तर बाकी १. मग २^३० ची बाकीही १, २^३२ ची ४, आणि एक मिळवून ५. अंकांवरून ५ आणि घातांवरूनही ५. दोन वाटांनी एकच बाकी आली, म्हणजे संख्या उतरवून घेताना अंक इकडचे तिकडे झाले नसावेत असा भरवसा येतो. मोठ्या संख्येच्या कामात गणित चुकण्यापेक्षा नक्कल चुकण्याचे प्रमाण फार जास्त असते.

कोणत्या संख्यांनी भागायचे

वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे हा नियम सगळ्यांना माहीत असतो. इथे वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथवर ६५४२ मूळ संख्या आहेत. ओळीने भागत गेलात तर यश ११६व्या मूळ संख्येला मिळेल. हाताने ते दोन दिवसांचे कंटाळवाणे काम आहे. २^३२ + १ हे रूप वापरले की यादी जवळजवळ नाहीशी होते.

समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग प ने भागताना २^३२ ची बाकी −१ (म्हणजे पुरा भाग जायला एक कमी), आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १. याआधीच्या कुठल्याही घाताला बाकी १ येऊ शकत नाही. तो घात ६४ चा विभाजक असावा लागतो, आणि ६४ पेक्षा लहान असेल तर ३२ लाही भागणार; मग २^३२ ची बाकी −१ ऐवजी १ यायला हवी होती. दुसरीकडे फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो की २^(प−१) ची बाकी १ असते. म्हणून प−१ हा ६४ च्या पटीत असलाच पाहिजे. फर्माला चूक ठरवणारे हत्यार फर्मानेच घडवून ठेवले होते, आणि ते त्याने इथे का वापरले नाही याचे नवल वाटत राहते.

म्हणजे उमेदवार फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ असे. पाचव्या भागाकाराला काम झाले. ल्यूकाने १८७८ मध्ये ही चाळणी आणखी बारीक केली: प−१ हा ६४ च्या नव्हे, १२८ च्या पटीत असतो. मग यादी अशी:

१२९ = ३ × ४३, संयुक्त
२५७, मूळ
३८५, शेवटी ५
५१३, ३ ने भाग जातो
६४१, मूळ

संयुक्त उमेदवार सोडून द्यायचे. त्यांनी भाग गेला असता तर त्यांच्या मूळ अवयवांनीही गेला असता, आणि ते अवयव याच यादीत आधी येऊन गेले असते. २५७ तर माळेतलीच, तिची बाकी २ हे आपल्याला ठाऊक आहे. उरली ६४१.

४२९४९६७२९७ ÷ ६४१ = ६७००४१७, बाकी शून्य.

लंडनच्या दौऱ्यात झेराह कोलबर्न या अमेरिकन बालगणकाला हीच संख्या घातली होती आणि त्याने ६४१ हा अवयव तोंडी सांगितला, असे सांगतात. आपण कॅल्क्युलेटर घेऊ, पण तो कुठे फसवतो ते माहीत असू द्या. २५७ ने भागले तर खरे उत्तर १६७११९३५.००७७८... असे आहे. दशांशानंतर शून्ये दिसली की घाईत 'भाग गेला' असे वाटते. कमी अंक दाखवणाऱ्या यंत्रावर तर नुसते १६७११९३५.०१ दिसेल आणि पुढचे अंक गोलाईत जातील. म्हणून दशांशावर विश्वास न ठेवता पूर्णांक भाग भाजकाने परत गुणा: १६७११९३५ × २५७ = ४२९४९६७२९५, दोन कमी, बाकी २. ही उलट गुणण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

६४१ साठी यंत्राशिवायचा पुरावाही आहे, आणि तो पाठ करण्याजोगा आहे. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा: ५ × २^७ + १ आणि ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येते. ठेवला की −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ ची −१. संपले.

दुसरा अवयव मूळ आहे का

इथे बरेच जण थांबतात. ६४१ सापडला, संख्या संयुक्त ठरली, झाले. पण ६७००४१७ चे आणखी तुकडे पडतात का हे पाहिल्याशिवाय पुढचे एकही सूत्र वापरता येत नाही.

२५८८ चा वर्ग ६६९७७४४ आणि २५८९ चा ६७०२९२१, तेव्हा २५८८ पर्यंत पाहणे पुरे. ६७००४१७ चा कोणताही अवयव आपल्या दहा अंकी संख्येचाही अवयव असणार, म्हणून १२८ ची चाळणी इथेही लागू. २५८८ पर्यंत असे वीस उमेदवार आहेत आणि त्यातले पाचच मूळ. त्यांच्या बाक्या:

२५७ ने भागून बाकी १७०
६४१ ने ४४
७६९ ने १२०
११५३ ने ३३४
१४०९ ने ६२२

एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. ६४१ यादीत पुन्हा का, तर एकच मूळ अवयव दोनदाही येऊ शकतो. बाकीच्या पंधरांत १५३७ (२९ × ५३), १७९३ (११ × १६३), १९२१ (१७ × ११३), २१७७ (७ × ३११) आणि २५६१ (१३ × १९७) दिसायला मूळ वाटतात. त्यांपैकी एखादी मूळ समजून भागलीत तर एक भागाकार वाया जाईल, निष्कर्ष बिघडणार नाही. उलट चूक महागात पडते: मूळ उमेदवाराला संयुक्त समजून गाळले तर सगळा पुरावाच पोकळ. शंका आली तर भागून मोकळे व्हावे.

विभाजक आणि त्यांची बेरीज

दोन वेगळे मूळ अवयव असल्यामुळे हा भाग चटकन उरकतो. विभाजक चार: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६. स्वतःला वगळले तर बेरीज ६७०१०५९, संख्येच्या मानाने अगदीच किरकोळ. परिपूर्ण संख्येच्या (जिची अशी बेरीज तिच्याइतकीच येते) जवळपासही नाही.

संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या किती? ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. पडताळा: संख्येत १ मिळवून दोन्ही अवयवांची बेरीज वजा करा, ४२९४९६७२९८ − ६७०१०५८, तेच उत्तर येते. कॅल्क्युलेटरवर दहा अंकी गुणाकार करताना एक शून्य कमी-जास्त दाबले जाते, ते या दुसऱ्या वाटेने पकडले जाते.

दोन वर्गांची बेरीज

सर्वांत रसाळ भाग हा. ६५५३६^२ + १^२ ही मांडणी तर संख्येच्या जन्मातच आहे. मूळ संख्येला अशी मांडणी असली तर एकच असते. आपली संख्या मूळ नाही, म्हणून दुसरी शोधू.

६४१ = २५^२ + ४^२, हे चाचपून सापडते: ६४१ मधून २५, २४, २३ असे वर्ग वजा करत जायचे, पहिल्याच फेरीला १६ उरतो. ६७००४१७ साठी असे चाचपत बसलात तर रात्र जाईल. त्याऐवजी दोन आकडे काढा:

२५ × ६५५३६ − ४ × १ = १६३८३९६
२५ × १ + ४ × ६५५३६ = २६२१६९

दोन्हींना ६४१ ने भागा: २५५६ आणि ४०९. खरोखरच २५५६^२ + ४०९^२ = ६५३३१३६ + १६७२८१ = ६७००४१७. चिन्हांची जोडी महत्त्वाची. पहिल्यात उणे असेल तर दुसऱ्यात अधिक हवे. चुकून पहिल्यात अधिक घेतलेत तर १६३८४०४ येते आणि ६४१ ने भागून ८ उरतात. बाकी उरली की अवयवांवर शंका न घेता आधी चिन्हे उलटून पाहा.

आता दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज कसा होतो ते पाहा. ही किमया ब्रह्मगुप्ताच्या इ.स. ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात आहे, तीही याहून व्यापक रूपात. आपल्या परंपरेत तिला 'भावना' म्हणतात. तिरके आणि सरळ गुणाकार घ्यायचे:

२५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४

पहिल्या ओळीची बेरीज ६५५३६, दुसऱ्या ओळीची वजाबाकी १. ही आपली जुनी मांडणी. उलट चिन्हांनी पहिल्या ओळीची वजाबाकी ६२२६४ आणि दुसऱ्या ओळीची बेरीज २०४४९. म्हणजे

४२९४९६७२९७ = ६२२६४^२ + २०४४९^२

आणि २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग निघतो, ही वरकमाई.

हे सगळे उलटेही चालते. समजा कोणी तुम्हाला फक्त दोन मांडण्या दिल्या, अवयव दिले नाहीत. सम पदांची वजाबाकी ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, विषम पदांची २०४४९ − १ = २०४४८; यांचा मसावि ८. मग बेरजा १२७८०० आणि २०४५०, त्यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा, ४ आणि २५; वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. एकदाही भाजक न चाचपता अवयव हाती.

जिथे साधने दगा देतात

संख्या मूळ आहे का हे पाहण्याची एक झटपट परीक्षा अशी: २ चा (संख्या − १) वा घात घ्या, संख्येने भागा, बाकी १ नसेल तर संख्या संयुक्त. आपली संख्या ही परीक्षा बिनदिक्कत पास होते. कारण २^६४ ची बाकी १ आहे आणि संख्या − १ म्हणजे २^३२ हा ६४ च्या पटीतच आहे. प्रत्येक फर्मा संख्या हेच करते, म्हणून या कुळासाठी पाया २ कधीच घेऊ नये. पाया ३ घ्यावा. पेपँने १८७७ मध्ये दिलेल्या कसोटीप्रमाणे ३ चा २^३१ वा घात घेतल्यावर बाकी ४२९४९६७२९६ यायला हवी, म्हणजेच −१. येते १०३२४३०३. म्हणजे संयुक्त, आणि तेही एकाही अवयवाचा पत्ता न लागता.

३ चा २^३१ वा घात म्हणजे ३ पासून ओळीने एकतीस वेळा वर्ग; हे वर्ग बारा अंकी कॅल्क्युलेटरवर होत नाहीत. मधले वर्ग वीस अंकांपर्यंत जातात आणि यंत्र शेवटचे अंक गुपचूप टाकून देते. स्प्रेडशीटही पंधरा सार्थ अंकांपुढे तेच करते. पायथॉन या संगणक भाषेत मात्र पाऊ (pow) या फंक्शनला पाया, घात आणि भाजक अशा तीन संख्या दिल्या की अचूक बाकी क्षणात मिळते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा आहे. द्विमान पद्धतीत ही संख्या १, मग एकतीस शून्ये, मग १ अशी तेहेतीस अंकी आहे. बत्तीस बिटांच्या चलात ती घातली की डावीकडचा १ गळतो आणि उरते नुसती १. प्रोग्रॅम कुरकुर करत नाही. कशानेही भागा, बाकी १ दाखवतो, आणि तुम्ही खुशाल 'मूळ संख्या' असे जाहीर करता. चौसष्ट बिटांचा चल घ्या आणि भागण्यापूर्वी एकदा संख्या छापून पाहा.

फर्माच्या नावाची जवळजवळचे वर्ग शोधून अवयव पाडण्याची रीतही इथे टाळा. ती अवयव आकाराने जवळ असतील तर वेगवान. ६४१ आणि ६७००४१७ इतके लांब आहेत की ६५५३७ पासून निघून ३३५०५२९ वर पोचायला बत्तीस लाख चौऱ्याऐंशी हजार नऊशे त्र्याण्णव पायऱ्या लागतील.

शेजारी

खालच्या बाजूची जवळची मूळ संख्या ४२९४९६७२९१, वरची ४२९४९६७३११. पण खरा मानाचा शेजारी ४२९४९६७२९५. पट्टी आणि कंपासने काढता येणाऱ्या, विषम बाजू असलेल्या सुसम बहुभुजांत सर्वांत जास्त बाजूंचा ज्ञात बहुभुज एवढ्या बाजूंचा आहे, कारण तो पाचही फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार आहे. १७ बाजूंचा बहुभुज काढता येतो हे गाउसने १७९६ मध्ये दाखवले, तेथून ही वाट निघाली. आपल्या संख्येइतक्या बाजूंचा मात्र काढता येत नाही.

पुढचा सराव

माळेतली पुढची संख्या २^६४ + १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७. वीस अंक, कॅल्क्युलेटरच्या आवाक्याबाहेर. लांद्रीने १८८० मध्ये तिचा २७४१७७ हा अवयव काढला. चाळणीत तो बसतो का ते पाहा: आता १२८ च्या जागी २५६, आणि २५६ × १०७१ + १ = २७४१७७. भाग जातो हे तपासायला वीस अंकी भागाकार लागत नाही. २^३२ म्हणजे ४२९४९६७२९६ ला २७४१७७ ने भागा: भागाकार १५६६४, बाकी २५८७६८. ती भाजकाच्या जवळ असल्याने उणे करून −१५४०९ लिहा, पुढचा वर्ग लहान होतो. १५४०९ चा वर्ग २३७४३७२८१. आणि २७४१७७ × ८६६ = २३७४३७२८२. एकने कमी, म्हणजे २^६४ ची बाकी −१.